नाल्याचा पुन्हा ओढा करायचा तर पाइपापासून सुरुवात करा

शहरातल्या मरणपंथाला लागलेल्या ओढ्याचं काहीतरी करायचं ठरलं की पहिली सूचना हमखास येते ती सफाई मोहिमेची. सुट्टीच्या सकाळी जमायचं, हातमोजे चढवायचे, पोती भरायची, फोटो काढायचे. आमचीही सुरुवात अशीच झाली. चाळीसेक माणसं, तीन तास, शंभरावर पोती. पोती काठावर रचली, उचलायला गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. गाडीच्या आधी पाऊस आला. निम्मी पोती घसरून परत पात्रात गेली, फुटली आणि कचरा आधीपेक्षा लांबवर पसरला. एवढं होऊनही खरी गोम वेगळीच होती. कचरा काढल्यावर उघडं पडलेलं पाणी काळंच होतं आणि वास तसूभरही कमी झाला नव्हता. काठाने येणारे पाइप आम्ही मोजलेच नव्हते.

म्हणून इथला क्रम थोडा उलटा वाटेल. सफाई पाचव्या पायरीवर येते, बाकडी आणि झाडं त्याच्याही नंतर.

१. आधी पूर्ण चालून या

ओढा शहरात शिरतो तिथपासून तो नदीला, खाडीला किंवा तलावाला मिळतो तिथपर्यंत. घरामागचे दोनशे मीटर पुरत नाहीत, कारण त्या दोनशे मीटरांत दिसणारी घाण बहुतेक वेळा वरून आलेली असते. दोघा-तिघांच्या गटाने जा. शेवटचा पाऊस पडून निदान तीन दिवस झालेले असावेत. कोरड्या दिवसांत पावसाळी गटाराच्या पाइपातून पाणी येत असेल, तर ते पावसाचं नाही हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

प्रत्येक पाइपाला नंबर द्या. डाव्या काठाला ‘डा’, उजव्याला ‘उ’: डा-१, डा-२, उ-१. डावा-उजवा ठरवताना तोंड प्रवाहाच्या दिशेने करायचं. हे आधी सगळ्यांना बजावलं नाही तर अर्ध्या नोंदी उलट्या होतात, आमच्या झाल्या. पाइपाचा व्यास, पाणी चालू आहे का, रंग, फेस, वास, हे लिहून घ्या. तोंडाखालच्या दगडांवर नीट नजर टाका. तिथे करडा, ओल्या कापसासारखा लिबलिबीत थर असेल, तर आज पाइप कोरडा दिसला तरी मैलापाणी नेहमी येतं. ज्या जागेवरून फोटो काढाल तिथे खुणेचा दगड रंगवून ठेवा, म्हणजे दोन वर्षांनी त्याच जागेवरून फोटो काढता येईल.

चालताना म्हाताऱ्या माणसांशी बोला. पोरं कुठल्या डोहात पोहायची, मोठ्या पुराचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, काठावर विहीर कुठे होती. आणि ओढ्याचं नाव विचारा. मूळ अर्थाने ‘नाला’ म्हणजेही वाहतं पाणीच, पण शहरात त्याचा अर्थ गटार असा होऊन बसला आहे, आणि गटारात कचरा टाकताना कोणाला काही वाटत नाही. लॉस एंजेलिसची नदी काँक्रीटमध्ये कोंडली गेली, तेव्हा अधिकारी तिला पूरनियंत्रण वाहिनी म्हणायचे. कवी लुइस मॅकअ‍ॅडम्स यांनी १९८६ साली तिच्यासाठी नागरिकांची संघटना उभी केली. एका अधिकाऱ्याने ‘वाहिनी’ म्हटलं की ते दर वेळी मध्येच ‘नदी’ म्हणत, अशी त्यांची आठवण सांगतात. २००८ मध्ये काही जणांनी तिच्यातून कायाक चालवून दाखवल्या आणि २०१० मध्ये सरकारी पर्यावरण खात्याने ती नौकानयनयोग्य असल्याचं मान्य केलं. त्यामुळे कायद्याचं संरक्षण मिळणं सोपं झालं. नाव परत मिळवायला खर्च येत नाही, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मिळवून टाका.

२. पाणी कोणाचं आहे ते शोधा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. लागणारी साधनं घरातली आहेत: टेप, काठी, घड्याळ आणि एक संत्रं. संत्रं जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्याने भरकटत नाही.

सरळ वाहणारा दहा मीटरचा टप्पा निवडा. पाण्याची रुंदी मोजा, चार-पाच ठिकाणी खोली मोजून सरासरी काढा. वरच्या टोकाला संत्रं सोडा आणि खालच्या टोकाला पोचायला लागलेले सेकंद मोजा. असं तीनदा करून सरासरी घ्या. समजा रुंदी दीड मीटर, खोली १० सेंटिमीटर आणि वेळ ४० सेकंद. वेग झाला सेकंदाला पाव मीटर. पृष्ठभागाचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं, म्हणून त्याला ०.८५ ने गुणा. हिशेब सेकंदाला साधारण ३२ लिटरवर येतो, म्हणजे दिवसाला साडेसत्तावीस लाख लिटर. माणशी रोज १०० ते १५० लिटर सांडपाणी धरलं तर हे अठरा ते सत्तावीस हजार माणसांचं पाणी झालं. भर उन्हाळ्यात ओढा ‘वाहतोय’ म्हणून खूश होण्याआधी हा आकडा समोर ठेवा.

आता हेच मोजमाप सकाळी सातला, दुपारी तीनला आणि रात्री नऊला करा. झऱ्याचं पाणी तिन्ही वेळा जवळपास सारखं असतं. सकाळी फुगणारं, दुपारी ओसरणारं आणि रात्री पुन्हा चढणारं पाणी घराघरांतल्या मोऱ्यांतून आणि संडासांतून येतं.

कुठल्या पाइपातून येतं, हे पकडायला एक स्वस्त युक्ती आहे. कपडे धुण्याच्या पावडरीत पांढरेपणा आणणारी चकाकीची रसायनं असतात आणि ती सुती कापडाला चिकटतात. ब्लीच न केलेल्या कोऱ्या सुती कापडाचे तळहाताएवढे तुकडे घ्या, आधी अंधारात अतिनील टॉर्चखाली धरून ते चमकत नाहीत ना बघा. मग प्रत्येक संशयित पाइपाच्या तोंडाशी जाळीत बांधून आठवडाभर ठेवा. काढल्यावर स्वच्छ पाण्यात हलकेच खळबळून, सावलीत वाळवून पुन्हा टॉर्चखाली धरा. तुकडा निळसर पांढरा उजळला की त्या पाइपात कुठूनतरी कपडे धुतलेलं पाणी येतंय. अशा उजळलेल्या तुकड्यांची नंबरवार रांग सभेत टेबलावर मांडली की ‘हे पावसाचंच पाणी आहे’ म्हणणारे गप्प बसतात.

बाकी खुणाही वाचायला शिका. सडक्या अंड्याचा वास म्हणजे तळाशी प्राणवायू संपलाय. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर काडीने ढोसा. काचेसारखे तुकडे होऊन वेगळे राहिले तर तो लोहजिवाणूंचा, बिनधोक. लगेच पुन्हा एकत्र आला तर तेल आहे, आणि वर कुठेतरी गॅरेज. दगड उलटा करून बघा. बारीक लालभडक अळ्याच असतील तर पाणी वाईट आहे. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असल्याने त्या अगदी कमी प्राणवायूतही तगतात. शेपटीला तीन धागे असलेली, मेफ्लाय नावाच्या कीटकाची पिल्लं दिसली तर परिस्थिती बरीच बरी. विरघळलेला प्राणवायू मोजायचे संच मिळतात. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर बहुतेक मासे तगतात, २ च्या खाली क्वचितच कोणी.

३. कोणाचं काय, ते कागदावर आणा

पात्र एका खात्याचं, काठ दुसऱ्याचं, पूल तिसऱ्याचं आणि पाइप चौथ्याचं, असं जवळजवळ सगळीकडे असतं. प्रत्येक खातं बोट दुसऱ्याकडे दाखवतं. तेव्हा तक्रार घेऊन जाण्याऐवजी नकाशा घेऊन जा: नंबर घातलेले पाइप, प्रत्येकाचं मोजमाप, फोटो. ‘नाल्याला वास येतो’ हे निवेदन फायलीत पडून राहतं. ‘डा-१४ मधून कोरड्या दिवसात सेकंदाला दोन लिटर मैलापाणी येतं’ यावर कोणाला तरी सही करावी लागते. काम सुरू करण्याआधी लेखी करार हवाच. कुठल्या टप्प्यात नागरिक काय करणार, कचरा कोण उचलणार, अपघात झाला तर जबाबदारी कोणाची आणि तीन वर्षांनी देखभाल कोणाकडे, हे त्यात स्पष्ट लिहा.

काठावर राहणारे लोक पहिल्या बैठकीला असले पाहिजेत, शेवटच्या नव्हे. ओढा सुधारला की आसपासची जमीन महाग होते आणि सगळ्यात आधी त्यांच्यावर गदा येते. त्यांना उठवून मिळवलेला हिरवा काठ मला तरी सार्वजनिक म्हणवत नाही.

प्रशासन आराखडा घेऊन आलं तर नुसता विरोध करू नका, पर्याय मांडा. लंडनच्या क्वागी ओढ्याला पूर आवरण्यासाठी आणखी काँक्रीट घालायचा बेत होता. १९९० मध्ये स्थापन झालेल्या स्थानिक गटाने उलट सुचवलं की जमिनीखाली गाडलेला ओढा सटक्लिफ पार्कमध्ये वर आणा आणि बागच पुराचं पाणी साठवू दे. २००४ पर्यंत ते झालं. बागेत सुमारे ८५,००० घनमीटर पाणी मावतं, आणि एरवी लोक तिथे फिरायला जातात.

४. पाइपाचं पाणी तोडा

घाण पाणी तीन कारणांनी येतं आणि तिन्हींवर इलाज वेगळा. पहिलं, चुकीची जोडणी: घराची मोरी पावसाळी गटाराला जोडलेली. हे घरोघरी जाऊन, मोरीत बिनविषारी रंग ओतून तपासता येतं आणि प्लंबरकडून दुरुस्त होतं. दुसरं, तुंबलेली किंवा फुटलेली मुख्य मलवाहिनी. चेंबर भरून ओसंडतं आणि ओढ्यात जातं. हे प्रशासनाचंच काम, तुम्ही फक्त पाठपुरावा करायचा. तिसरं, वस्तीला मलवाहिनीच नाही. हे सगळ्यात अवघड. इथे घाई केली तर गरिबांचे संडास बुजवले जातात आणि प्रश्न उघड्यावर येतो.

या टप्प्यावर तुम्हाला कोणीतरी झटपट उपाय विकायला येईल. जिवाणूंची पावडर, तरंगते वाफे, काठाने कर्दळ. वनस्पतींचं शुद्धीकरण खरं आहे, पण त्याला जागा लागते. उबदार हवामानातही नीट बांधलेल्या पाणथळ प्रकल्पाला माणशी १ ते ३ चौरस मीटर धरतात. वरचा आकडा आठवा: वीस हजार माणसांसाठी दोन ते सहा हेक्टर. तेवढी जमीन असेल तर जरूर करा. नसेल तर पाण्यात सोडलेले चार तरंगते वाफे फोटोपुरते. वस्तीला मलवाहिनी नाही अशा एखाद्या छोट्या पाइपासाठी मात्र काठावरचा पाणकणसाचा वाफा खरोखर उपयोगी पडतो.

५. आता कचरा

पाइप निम्मे जरी बंद झाले तरी सफाई सुरू करा. वरून खाली यायचं. उचलणारी गाडी उभी असल्याशिवाय पहिलं पोतं भरायचं नाही, आणि भरलेलं पोतं त्याच दिवशी हलायला हवं. राडारोडा, गाद्या आणि टायर आधी काढा, कारण प्लॅस्टिक त्यांनाच अडकतं. नंतर येणारा कचरा अडवायला पाण्यावर तरंगता अडसर बांधा. पात्र आडवी बंद करणारी जाळी नको. पहिल्याच पावसात ती तुंबते आणि पाणी घरांत शिरतं.

सुरक्षेत तडजोड नाही. गमबूट, जाड हातमोजे, झाकलेल्या जखमा. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो साध्या खरचटण्यातून शिरतो. काच आणि सुया चिमट्याने उचला. रस्त्याखालच्या बंदिस्त मोरीत किंवा चेंबरमध्ये कोणीही उतरायचं नाही, टॉर्च घेऊन डोकवायलासुद्धा नाही. तिथला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू जास्त झाला की आधी नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे धोका टळला असं वाटतं आणि माणूस दगावतो. वर ढग दाटले तर काम थांबवा. जोरात वाहणारं पंधरा सेंटिमीटर पाणीही माणसाला पाडू शकतं.

६. काठ आणि पात्र

मशीनने पात्र खरवडून, सरळ, एकसारखं करून टाकायचा मोह सगळ्यांना होतो. नको. ओढ्याला डोह, उथळ खळाळ आणि वळणं लागतात; खळाळात पाणी हवा घेतं, डोहात मासे उन्हाळा काढतात. गाळ काढायचाच असेल तर आधी तपासून घ्या. वर कारखाने असतील तर त्यात शिसं किंवा क्रोमियम असू शकतं, आणि असा गाळ शेतात पसरणं म्हणजे घाण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणं. जलपर्णी मुळासकट ओढून पाण्यापासून लांब टाका. राहिलेल्या दोन-चार रोपांतून काही आठवड्यांत ती पुन्हा पसरते.

काठ सिमेंटने बांधण्याआधी वाळा, बांबू आणि काथ्याच्या वळकट्या वापरून बघा. उतार जितका पसरट तितका टिकाऊ. एकास तीन असेल तर उत्तम. झाडं काठाच्या वरच्या अंगाला, आणि दुपारी पाण्यावर सावली पडेल अशा बाजूला लावा. गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. पात्रात मात्र एकही झाड, ओटा किंवा शिल्प नको. पुराला लागणारी जागा ओढ्याची आहे, आणि ती त्याला मोकळी मिळाली पाहिजे. म्युनिकमध्ये २००० ते २०११ या काळात इसार नदीच्या आठ किलोमीटर पट्ट्यात हेच केलं: पात्र रुंद केलं, काठ सपाट केले. आता तिथे पुराला जास्त जागा मिळते आणि लोक गोट्यांवर पाय सोडून बसतात.

७. बसायला, चालायला, खेळायला

आराखडा काढण्याआधी महिनाभर नुसतं बघा. लोकांनी पाडलेल्या पायवाटा कुठे आहेत, सावलीत कोण थांबतं, बायका कुठल्या वळणावर जायचं टाळतात. मग हलवता येतील अशी बाकं ठेवा. ती लोक ओढत नेतील, आणि जिथे नेऊन ठेवतील तीच जागा बरोबर. फरशी त्यानंतर. रस्ता दोन मीटर रुंद असला की दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जातात. उतार एकास बारापेक्षा तीव्र नको. बाहेर पडायच्या वाटा जवळजवळ ठेवा, कारण दोन्ही टोकांनाच दार असलेल्या लांब पट्ट्यात संध्याकाळी कोणी पाऊल टाकत नाही. दिवे पायवाटेवर पडू द्या, पाण्यावर नको.

सगळं एकदम करायची गरज नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत १९८४ मध्ये स्ट्रॉबेरी क्रीक जमिनीखालून वर काढला तो जेमतेम साठ मीटर. तेवढ्यावर लोकांना पटलं की हे जमतं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स नदीवर नागरिकांनी १९७४ पासून गाड्या आणि टायर उपसले. २००७ मध्ये तिथे बीव्हर हा नदीकाठी राहणारा, झाडं कुरतडणारा प्राणी दिसला, आणि २००९ मध्ये काठावरच्या बंद पडलेल्या काँक्रीट कारखान्याच्या जागी बाग उघडली. म्हणजे पस्तीस वर्षं लागली. तुमच्या गटात हा आकडा मोठ्याने वाचून दाखवा, उगाच पहिल्या वर्षी निराशा नको.

८. आणि पाणीच आटलं तर?

ही गोष्ट बहुतेक जण सांगत नाहीत. पाइप तोडले की पुढच्या उन्हाळ्यात ओढा कोरडा पडू शकतो, कारण वाहत होतं ते सगळं सांडपाणीच होतं. मग लोक म्हणतात, आधीच बरं होतं. याची तयारी आधीपासून करा.

सोलमध्ये २००५ साली खुला झालेला चेओंगग्येचेऑन बघायला जग जातं. उड्डाणपूल पाडून मोकळा केलेला ५.८ किलोमीटरचा प्रवाह सुंदर आहे, पण त्यात रोज सुमारे १ लाख २० हजार टन पाणी मुख्यतः हान नदीतून पंपाने आणून सोडतात. वीज गेली की ओढा गेला. मला जपानच्या मिशिमा गावची रीत जास्त भावते. फुजी पर्वताच्या झऱ्यांवर वाहणारी गेम्बे नदी उपसा वाढल्याने आटली, मग गटार झाली. १९९२ मध्ये नागरिक, प्रशासन आणि कारखाने मिळून संस्था निघाली, आणि ज्या काळात झरे कमी पडतात त्या काळात कारखान्यातलं कूलिंगचं स्वच्छ पाणी नदीत सोडायचं ठरलं. आज लोक पाण्यातल्या दगडांवर पाय ठेवत तिच्या मधून चालतात.

तुमच्याकडे हे शक्य नसेल तर वरच्या भागात छपरांचं आणि रस्त्यांचं पाणी खड्डे, चर आणि बागांमधून जमिनीत मुरवा, किंवा शुद्धीकरण केंद्रातलं नीट शुद्ध झालेलं पाणी परत मागा. आणि थोडे महिने कोरडं पात्र दिसलं तर ते चालवून घ्या. काही ओढे मुळातच हंगामी असतात, त्यांना बारमाही करायचा अट्टहास कशाला.

९. वही

जपानमधल्याच यानागावा शहरात १९७०च्या दशकात घाण झालेले कालवे बुजवायचं ठरलं होतं. त्सुताए हिरोमात्सु या नगरपालिकेतल्याच अधिकाऱ्याने तो बेत थांबवला आणि सफाईसाठी रहिवाशांना गोळा केलं. आजही तिथे फेब्रुवारीत कालव्यांतलं पाणी काही दिवसांसाठी काढून टाकून तळ साफ करतात. असा एक ठरलेला दिवस तुमच्याकडेही असू द्या.

बाकी देखभाल कंटाळवाणीच असते आणि ती वहीने चालते. नवीन झाडांना पहिली दोन-तीन वर्षं पाणी. प्रत्येक मोठ्या पावसानंतर मोऱ्यांच्या तोंडाशी अडकलेला गाळ आणि फांद्या. पुलाच्या खांबावर रंगवलेल्या पट्टीवर पाण्याची उंची. महिन्यातून एकदा संत्रं. वही कोणा एकाच्या घरी नको, नाहीतर तो माणूस गाव सोडून गेला की नोंदीही जातात. तिची प्रत पूल ओलांडून रोज जाणाऱ्या दोघांकडे ठेवा. आणि वर्षातून एकदा, पाऊस थांबून तीन दिवस झाल्यावर, सगळा ओढा पुन्हा चाला. काठावर नवीन बांधकाम उभं राहिलं असेल तर तिथे नवा पाइप असणारच. त्याला त्याच दिवशी पुढचा नंबर द्या.